टाकाची पाठ

हाउन्सलो
३ ऑक्टोबर २००६, दसऱ्याचा दुसरा दिवस

नंदू,

आधी आला तो पारशी. बाई मागून आली, आणि ती येईपर्यंत ह्या गृहस्थानं माझे दोन बशा पोहे संपवले होते. नाव केरसी भरुचा. विमानतळावर सामानाच्या खात्यात उभा जन्म काढला, आता पेन्शन खातो. मूळचा ग्रँट रोडचा, त्यामुळे मराठी येतं, पण कसं येतं ते विचारू नकोस. दारातूनच मला म्हणतो, "माताजी, तुमी हळदीत घोळवला तो खंडोबा नाय, आमचा मानूस हाय!" मी म्हटलं, "अहो, आधी बूट काढा, मग माणसं वाटून घेऊ." असा हसला, असा हसला की शशीसुद्धा आतून हसला. शशीचं हसू ऐकून मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू.

तू म्हणशील, आई कुठून कुठे चालली. सरळ लिहायला मी काय मास्तरीण आहे? दुसरीत शाळा सुटली ती सुटली. तू उत्तर देत नाहीस ते ठाऊक आहे. मीनल पत्र मोठ्यानं वाचते आणि तू पेपर तोंडासमोर धरून बसतोस, हेही ठाऊक आहे. पेपर उलटा धरलेला असतो असं ती म्हणते. तर ऐक.

शशी सध्या घरीच असतो. हॉस्पिटलनं रजा दिलीय. इतकी वर्षं त्याला रजा म्हणून मिळत नव्हती, सणाला जेवायला यायचा तोसुद्धा कमरेला ते वाजणारं यंत्र लावून. आता दिवसभर डोळ्यांसमोर असतो. जरा बारीक झालाय. इथलं अन्नच तसलं. खिडकीशी खुर्ची टाकून, पायांवर पांघरूण घेऊन बसतो आणि विमानं मोजतो. आमच्या छपरावरून इतक्या खालून जातात की बसलेल्या माणसांचे चेहरे दिसतील असं वाटतं. कपबशा थरथरतात. मला आधी भीती वाटायची, आता विमान गेलं नाही तर चुकल्यासारखं होतं.

तर घटस्थापनेला मी देव घासायला काढले. चिंच लावून ताटात ठेवले आणि शशी म्हणाला, "आई, तो टाक इकडे दे बरं." कुठला ते तुला सांगायला नको. तोच. ज्याच्यापायी तुम्ही दोघं भाऊ चौदा वर्षं एकमेकांशी बोलत नाही, तोच. भिंग घेऊन बसला. आपण देवाला कायम तोंड वर करून ठेवणार, पाठ कोण बघतो? आंघोळीच्या वेळी दिसायची तेवढीच. दोन माणसं उभी आणि मधे जळती दिवटी. सासूबाई सांगायच्या, एक म्हाळसा, दुसरी बाणाई, आणि मधली देवाची दिवटी. मीही तुम्हाला तेच सांगत आले. शशी बघत बसला, बघत बसला आणि म्हणाला, "आई, म्हाळसेला दाढी आहे."

मी म्हटलं, तुला चष्मा लागलाय.

मग त्यानं टाकाचा फोटो काढून कॉम्प्युटरवरून कोणाकोणाला पाठवला. त्यातून ह्या म्युझियमच्या बाईंचं उत्तर आलं. हेलन त्यांचं नाव. नाण्यांच्या खात्यात असतात. आणि केरसीकाका शशीचे जुने पेशंट. त्यांना ह्या गोष्टींचं वेड, म्हणून त्यांनाही बोलावलं. अशी ही दोघं आली परवा रविवारी. मी इतकी हरखले की सकाळपासून कोथिंबीर वड्या, पोहे, शिरा. सुनीती म्हणाली, "आई, दोनच माणसं येणार आहेत, वऱ्हाड नाही." तिचं नाव वाचून कपाळाला आठी घालू नकोस. तुझी भावजय आहे ती, आणि माझं सगळं करते.

बाई गुणाची. मी सांगितलं हात धुतल्याशिवाय देवाला शिवायचं नाही. शशीनं इंग्रजीत सांगितलं, तर ती न्हाणीत जाऊन कोपरापर्यंत हात धुऊन आली आणि प्रसादाला करतो तसा तळवा पुढे केला. टाक हातात घेतला आणि उजेडाकडे धरून उलटसुलट फिरवून पाहिला. मग म्हणाली, इराणच्या राजाचं नाणं आहे. चांदीचं. दीड हजार वर्षं होऊन गेली असतील. पुढून राजाचं तोंड, डोक्यावर पंखांचा मुकुट, वर चंद्रकोर. आणि पाठीवर त्यांच्या धर्माची वेदी, तिच्यावर अग्नी, दोन बाजूंना अग्नी राखणारी दोन माणसं. ज्वाळेच्या एका अंगाला चांदणी, एका अंगाला चंद्र. मी म्हटलं, चंद्र-सूर्य तर आपल्याही देवाजवळ असतात. ती म्हणाली, हो ना.

आपल्या पणजीच्या वेळी कोणा झारेकऱ्यानं पैठणच्या काठाची माती चाळताना तो काढला आणि "घ्या, तुमचा देव सापडला" म्हणून आणून दिला, ही गोष्ट मी तिला सांगितली. तिनं लिहून घेतली. माझी गोष्ट कोणी लिहून घेतल्याचं हे पहिलंच!

मग ती म्हणाली, अशी नाणी मी खूप पाहिली, पण असं नाही पाहिलं. पाठ काल पाडल्यासारखी करकरीत, आणि तोंड मात्र पार गुळगुळीत. मुकुट गेला, नाक गेलं, नुसता गोल राहिला. प्रत्येक राजाचा मुकुट वेगळा असायचा म्हणे, मुकुटावरून राजा ओळखायचा. आता हा कोणता राजा ते मला नक्की सांगता येत नाही. "तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याचं तोंड पुसून टाकलंत," म्हणाली. मी म्हटलं, पुसलं नाही बाई, धुतलं. दर रविवारी.

आणि केरसीकाका! पाठ वर करून त्यांच्या हातात दिला तर त्यांनी खिशातून काळी टोपी काढून डोक्यावर घातली आणि ओठातल्या ओठात काही म्हणत राहिले. डोळ्यांतून पाणी. मी गुपचूप भंडारा आणला आणि त्यांच्या कपाळाला लावला. म्हणाले, "लावा, लावा. राजाला लावला तर मला काय!"

आता मुद्दा सांगते, ज्याच्यासाठी एवढं लांबण लावलं. रात्रभर मला आनंदानं झोप नाही. अरे, बाबांनी तो जुना टाक शशीला दिला आणि तुला सोनाराकडून नवा करून दिला, म्हणून तू चिडलास ना? थोरल्याला नक्कल आणि धाकट्याला अस्सल, असं म्हणालास ना तू भर ओसरीत? तर बघ, तुझ्याकडचाच अस्सल निघाला! घोड्यावर बसलेला, हातात खांडा, शेजारी म्हाळसा, सोनारानं सगळं नीट केलेलं. जेजुरीला नेऊन भेटवून आणलेला. खंडोबा चौदा वर्षं तुझ्याच देवघरात आहे, आणि शशीकडे इराणचा राजा! भांडण संपलं की नाही? आता तरी एक फोन कर. शशी उचलेल. दिवसभर घरीच असतो म्हटलं ना.

ती दोघं परत येणार आहेत, पुस्तकं घेऊन.

आई


१६ ऑक्टोबर

नंदू,

काल रविवारी दोघं आली. फोन तुझा आला नाही. पत्र पोचायलाच दहा दिवस लागतात, तेव्हा माझंच चुकलं, घाई करते.

ह्या वेळी बाई आधी आल्या आणि केरसीकाका मागून. बस चुकली त्यांची. दारातच सुरू झाले, "माताजी, आज पोवा नाय?" आज साबुदाण्याची खिचडी होती. हेलनबाईंना विचारलं उपास म्हणजे काय ठाऊक आहे का, तर म्हणाल्या, हो, जेवायचं नाही तो दिवस. मी त्यांच्या पुढ्यात खिचडी, दही, बटाट्याचा कीस, राजगिऱ्याचा लाडू असं मांडलं. त्या शशीकडे बघायला लागल्या. शशी म्हणाला, आमचा उपास वेगळा असतो.

पुस्तकात ओळीनं राजे होते. सगळ्यांच्या मिशा झोकदार, कानात मोत्यांचे लोलक, केसांचे झुपके खांद्यावर. आणि पाठीमागे प्रत्येकाचा अग्नी. केरसीकाका पान उलटायच्या आधी दर वेळी बोट पॅन्टला पुसायचे. बाई सांगत होत्या की राजा गादीवर बसला की त्याच्या नावानं नवा अग्नी पेटवायचे, तोच नाण्यावर काढायचे. आपल्याकडे घर वेगळं झालं की चूल वेगळी होते, तसंच म्हणायचं.

शशी खुर्चीत डोळे मिटून होता. मला वाटलं झोपला. तर त्यानं विचारलं, "राजा गेला की त्याच्या अग्नीचं काय करायचे?"

बाई म्हणाल्या, नक्की नाही सांगता येत. केरसीकाका म्हणाले, "कोन बोलते विझवत होते, कोन बोलते नाय. मी तर बोलतो, अग्नीला कोन विझवते, दुसऱ्या अग्नीमंदी नेऊन ठेवत असतील." सुनीती उठून किचनमध्ये गेली आणि तिकडे नळ बराच वेळ वाहत राहिला. मी म्हटलं, चहा घेणार का सगळे? आणि चहा केला.

इथे आता सहा वाजताच अंधारून यायला लागलंय. अनुष्का शाळा आणि क्लास करून येते तेव्हा दिवे लागलेले असतात. सोळा वर्षांची झाली तुझी पुतणी, बापाएवढी उंच. मराठी मात्र आपलं चालू आहे, "आजी, मला भूक लागला." पण येऊन आधी बापाच्या खुर्चीशी बसते, पायांना तेल लावते त्याच्या. हल्ली त्याचे पाय गार असतात.

शशीनं मला शपथ घातलीय म्हणून एक गोष्ट लिहीत नाही. तू शहाणा आहेस. चौदा वर्षं डॉक्टरकी करणारा माणूस भर कामाच्या दिवसांत घरी का बसतो, त्याचे पाय कोणी का चोळतं, एवढं तुला कळेल. मी लिहिलेलं नाही. तूच ओळखलंस असं होऊ दे.

तू फोन केलास आणि त्यानं "दादा" म्हटलं की बाकी काही बोलला नाहीत तरी चालेल. पाऊसपाण्याचं बोला. नाथसागर भरला का विचारेल तो, दर वर्षी मला विचारतो.

आई


३१ ऑक्टोबर

नंदू,

तुझं कार्ड मिळालं. दिवाळी होऊन गेल्यावर आलं, पण आलं. अक्षर ओळखीचं वाटेना, म्हातारं झालं रे तुझं अक्षरही. तीनच ओळी. पुन्हा पुन्हा वाचल्या.

तू लिहितोस, "टाक पारशाचा असो की आणखी कोणाचा. मी देवासाठी कधीच भांडलो नाही. बाबांनी जुना उचलून कोणाच्या ओंजळीत ठेवला, एवढंच मी पाहिलं."

खरं आहे. मी वेडी, मला वाटलं नाणं इराणचं निघालं की तुमचं मिटलं.

बाबांनी तसं का केलं ते मला ठाऊक नाही. विचारायची पद्धत नव्हती आपल्यात. त्या दिवशी मी आत पुरणाच्या गडबडीत होते, बाहेर तुझा आवाज चढला तेव्हा कळलं. एवढं मात्र सांगते, शशी परदेशी निघाला तेव्हापासून बाबा घाबरलेले होते. बोलले नाहीत, पण अंगणात फेऱ्या मारायचे. तू समोर होतास, शेजारच्या खोलीत खोकलास तरी त्यांना ऐकू यायचं. जो समुद्रापलीकडे चालला त्याच्या हातात काय द्यावं, हेच त्यांना सुचत नव्हतं. घरातली सगळ्यांत जुनी वस्तू उचलून दिली. तुला तो मान वाटला. मला ती भीती वाटते. पण मी तरी काय, बाईमाणूस, माझा अंदाज.

आता दुसरं. शपथ मोडते आहे, पाप लागलं तर मला लागू दे.

शशीला पोटाचा कॅन्सर आहे. पोटाचा म्हणजे स्वादुपिंडाचा. उन्हाळ्यात कळलं. त्याचं त्यालाच आधी कळलं, रिपोर्ट वाचून घरी आला आणि जेवायला बसला, आणि सुनीतीला म्हणाला आमटी छान झालीय. औषध देऊन पाहिलं, सोसलं नाही. आता घरी नर्स येते, दुखू नये म्हणून इंजेक्शन देते. चांगली आहे, पोलंडची आहे, माझ्या पाया पडते. तो म्हणत होता दिवाळी काढीन, ती काढली. पुढचं तो बोलत नाही.

तुला कळवायचं नाही असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, का रे? म्हणाला, "मरतोय म्हणून बोलला तर ते बोलणं मला नको, आई. दादानं रागातून उठून फोन करावा. नाही केला तर राग खरा होता असं समजेन." असा हट्टी. कोणावर गेलाय ते तुला सांगायला नको, तुम्ही दोघं एकाच तव्यावरच्या भाकऱ्या.

हेलनबाईंनी विचारलंय, टाक म्युझियममध्ये ठेवायला द्याल का. काचेच्या पेटीत, पाठ वर करून, खाली लिहायचं की महाराष्ट्रातल्या एका घरानं ह्याला देव म्हणून पूजलं. शशी म्हणाला देऊन टाकू, निदान दोघांपैकी कोणाचाच राहणार नाही. मी म्हटलं बघू. मी देणार नाही, नुसतं बघू म्हटलं.

नंदू, मी दर रविवारी सकाळी फोन करते. मीनल उचलते आणि तू गोठ्याकडे गेलेला असतोस. गोठ्यात म्हैस नाही हे मला ठाऊक आहे. हे पत्र मिळेल त्यानंतरच्या रविवारी जाऊ नकोस.

आई


३ डिसेंबर

नंदू,

कशी सुरुवात करू ते कळेना म्हणून आधी घरातलं सांगते. काल केरसीकाका आधी आले, ओले होऊन, मग हेलनबाई छत्री घेऊन. ह्या खेपेला मी काहीच केलं नव्हतं. तर बाईंनीच घरून केक करून आणला होता, वरून करपलेला. सगळ्यांनी खाल्ला. सुनीतीनं आठवड्यात पहिल्यांदा काही खाल्लं.

शशी गेला ते तुला कळवलंच होतं. सुनीतीनं फोन केला तेव्हा मीनलनं घेतला. शनिवारची सकाळ होती. अनुष्का त्याचा हात धरून बसली होती, मी पायाशी. छपरावरून विमान गेलं, कपबशा वाजल्या, आणि आवाज थांबला तेव्हा तो नव्हता. काही बोलला नाही. आदल्या दिवशी मात्र मला म्हणाला होता, "आई, दादाला सांगितलंस ना सगळं?" मी म्हटलं, नाही. म्हणाला, "सांगितलंस. तुझ्या तोंडावर दिसतं." रागावला नाही. मग म्हणाला, "नाही आला ना फोन? बघ, राग खरा होता." आणि हसला. तुला टोचावं म्हणून नाही लिहीत. त्याला खरंच त्याचं कौतुक वाटल्यासारखं हसला. दादा पक्का आहे, असं.

इथे माणूस गेला तरी रांग असते. आठवडाभर ठेवला होता त्याला. अग्नी दिसतसुद्धा नाही रे इथे. एक पडदा सरकतो आणि एक बटण असतं. मुलगा नसला तर भावानं द्यायचा असतो अग्नी, मला माहीत आहे, सगळ्यांनाच माहीत होतं. ब्रॅकनेलचा माधव, शशीचा मित्र, पुढे झाला होता, पण अनुष्का म्हणाली, "मी देणार." तिनंच दिला. बटणावर बोट ठेवून उभी राहिली, कोणीतरी सांगितलं की झालं, आता सोड, तरी सोडेना. केरसीकाका सगळ्यांत मागे टोपी घालून बसले होते. त्यांच्यात माणसाला अग्नीत घालत नाहीत, अग्नी विटाळतो म्हणतात. तरी आले. खाली मान घालून बसले, पण उठून गेले नाहीत.

आणि मधेच खंडोबाचं नवरात्र आलं. सुतक आमचं. घरात कोणी देवाला हात लावायचा नाही. मी म्हटलं, राहू दे, देवाला काय कळत नाही? पण सुनीती, जिनं कधी देवघराकडे मान वळवून पाहिलं नाही, ती म्हणाली, "आई, ते दर रविवारी स्वतः करायचे. षष्ठीला देव पारोसा ठेवायचा नाही." सुतक नसलेला माणूस हवा. माधवला ड्यूटी. मग मीच केरसीकाकांना फोन केला. विचारताना जीभ अडखळली, परक्या धर्माच्या माणसाला कसं सांगावं? ते म्हणाले, "माताजी, अग्नी राखायचा हाय ना? ते आमचाच काम हाय."

षष्ठीला पांढरे कपडे घालून आले. मी देवघराच्या दाराबाहेर उभी राहून सांगत होते, ते करत होते. "पाणी घाला." घातलं. "आता दूध." घातलं. "अहो, एवढं नाही, देव आहे, म्हशीचं रेडकू नाही." भंडारा वाहिला, दिवा लावला. ज्योत हलली तशी त्यांनी दोन्ही हातांचा आडोसा केला. आणि टाक पुसून ठेवला तो पाठ वर करून ठेवला. मी सांगणार होते, तोंड वर करा म्हणून. मग म्हटलं, तोंड कुठे उरलंय? दिवा जळत होता आणि चांदीवरचाही दिवा जळत होता. केरसीकाका बाजूला हात जोडून उभे. दुसऱ्या बाजूला कोणी नव्हतं. मी आत जाऊ शकत नव्हते ना.

त्या दिवशी मी मनात म्हटलं, पैठणला नंदूनं आज तळी भरली असेल. भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला असेल. भाऊच मानत नाही तर त्याचं सुतक तरी कशाला मानेल? मनात आलं, तसं लिहिलं. आईच्या मनातही असलं येतं.

परवा मीनलशी बोलले. मी विचारलं नव्हतं. तीच म्हणाली, "आई, षष्ठीला आपल्याकडे देव झाकलेले होते."

मी म्हटलं, का गं?

ती म्हणाली, "यांनी फोन ठेवल्या ठेवल्या देवघरावर कापड टाकलं. दहा दिवस जमिनीवर झोपले. षष्ठीला शेजारचे भंडारा घेऊन दारात आले, तळी उचला म्हणून, तर दारातूनच त्यांना सांगितलं, सुतक आहे. दहाव्याला घाटावर गेले, डोकं करून आले. भटजींनी विचारलं, कोण गेलं? तर म्हणाले, माझा धाकटा."

मग ती काय काय बोलत होती, मला पुढचं ऐकूच आलं नाही. सुनीतीला बोलावून फोन तिच्या हातात दिला. आणि देवघरापाशी जाऊन बसले, सुतक फिटलं होतं.

माझा धाकटा, असं तू भर घाटावर म्हणालास. शशीला ऐकू गेलं की नाही, हे मी केरसीकाकांना विचारलं. ते म्हणाले, "माताजी, मला काय माहीत? पन तुमी त्याला सांगा." म्हणून खुर्चीशी बसून सांगितलं. खुर्ची अजून खिडकीशीच आहे, सुनीती हलवू देत नाही.

मी जानेवारीत येते, अनुष्काला घेऊन. अस्थी पैठणला सोडायच्या, त्याला तीच नदी हवी होती. तू विमानतळावर ये असं म्हणत नाही. आलास तर अनुष्काला ओळखशील, शशी तिच्या वयाचा होता तेव्हा दिसायचा तशीच दिसते.

आता कामाचं. टाकाचं काय करायचं ते हेलनबाईंना कळायला हवं आहे. म्युझियमला द्यायचा, की मी येताना तुझ्याकडे आणायचा, की अनुष्कासाठी इथेच ठेवायचा. सुनीती म्हणते, तुम्ही सांगाल ते. मी म्हटलं, मी कोण सांगणारी? बाबा नाहीत, शशी नाही. घरात थोरला तू. हे त्या दिवशी ओसरीवर तुला विचारायला हवं होतं, कोणी विचारलं नाही. मी आता विचारते. तू म्हणशील तसं करू, आणि का म्हणून कोणी विचारणार नाही.

पत्राचं उत्तर पत्रानं देत बसलास तर वेळेत पोचणार नाही. सुनीतीला मी सांगून ठेवलंय की फोन वाजला तर अनुष्कानं उचलायचा. तिचं मराठी तसलं आहे, पण "काका" नीट म्हणते.

केरसीकाका आणि हेलनबाई गुरुवारी, एकवीस तारखेला, परत येणार आहेत.

आई